आईसाठी रोबो पाठवू का?

ताई, नमस्कार.

मला ‘तू’च म्हणा, मी ४१ वर्षांची आहे. नवरा, मी आणि सात वर्षांचा मुलगा गेली नऊ वर्षं टोकियोत निशी-कसाईला राहतो. बाबा जाऊन १४ महिने झाले. आई ७१ वर्षांची, कराडला एकटी असते. ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं तिने. भाऊ पुण्यात आहे. आम्ही दोघांनी ‘आमच्याकडे ये’ म्हणून खूप सांगून पाहिलं, ती घर सोडायला तयार नाही.

फोन केला की टीव्हीचा आवाज एवढा असतो की मालिकेतली भांडणं मला इकडे ऐकू येतात. एकदा विचारलेलं पुन्हा विचारते. एकटीसाठी काय रांधायचं म्हणते आणि सकाळची भाजी-पोळीच रात्री खाते. ‘तिन्हीसांजेला घर खायला उठतं’ असं दोनदा म्हणाली. संक्रांतीला दिवसभर दार लावून बसली होती, असं शेजारच्या काकूंनी भावाला सांगितलं.

मी इथे आठवड्यातून एकदा वृद्धांच्या डे-केअरमध्ये मदतीला जाते. तिथे ‘पारो’ नावाचा सीलच्या पिल्लासारखा पांढरा रोबो आहे. एक आजी कुणाशी बोलत नाहीत. त्या त्याला मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात आणि आपल्या रुमालाने त्याचं नाक पुसतात. ते पाहून मला आईच दिसली. नवरा म्हणतो ‘लोव्होट’ नावाचा दुसरा रोबो घेऊ, तो घरभर मागे मागे फिरतो, माणूस ओळखतो, हळूहळू आपल्याशी जुळवून घेतो. भावाला सांगितलं तर चिडला, ‘बाबांच्या जागी खेळणं पाठवतेस?’ म्हणाला. तेव्हापासून मला झोप नाही. मी आईला फसवतेय का? हो की नाही ते स्पष्ट सांगा.

ता.क. माझा मुलगा केळ्याला ‘केरं’ म्हणतो. परवा त्यावरून आई फोनवर हसली. कितीतरी महिन्यांनी.

– एक वाचक, टोकियो

प्रिय मैत्रिणी,

हो की नाही विचारलंस, तर आत्ता नाही. कधीच पाठवू नकोस असं मी म्हणणार नाही, आणि पुढे पाठवायचा ठरलाच तर काय काय बघायचं तेही सांगते. पण तुझ्या पत्रात तीन-चार गोष्टी अशा आहेत, ज्या तू लिहिल्यास आणि लगेच पुढे गेलीस. माझा जीव त्यांच्यात अडकला आहे.

आधी भावाचा ‘खेळणं’ हा शब्द. पारो खेळणं नाही. जपानच्या सरकारी संशोधन संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. २००५ मध्ये तो जपानात विक्रीला आला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. शिबातांनी आधी मांजर करून पाहिलं होतं. पण मांजर सगळ्यांच्या ओळखीचं. लोक हात फिरवायचे आणि खऱ्या मांजरासारखं नाही म्हणून बाजूला ठेवायचे. सीलचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, त्यामुळे ते कसं असायला हवं याचा हिशोब कुणाच्या मनात नसतो. त्याच्या केसांखाली स्पर्श कळणारी यंत्रणा आहे. उजेड, आवाज, उचलून कसं धरलंय, हेही त्याला कळतं. एखादी हालचाल केल्यावर कुरवाळलं तर तो ती पुन्हा करतो, फटका मारला तर टाळतो. ज्या नावाने हाक माराल ते नाव हळूहळू आपलं म्हणून ओळखायला लागतो. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. निम्मं काम ते वजनच करत असावं असं मला वाटतं.

हे मी लांबून बघून सांगत नाही. माझ्या सासूबाईंना शेवटची चार वर्षं विस्मरणाचा आजार होता. जुन्या नऊवारीच्या तुकड्यांची एक चिंध्यांची बाहुली होती घरात, त्यांनीच कधीकाळी नातीसाठी शिवलेली. ती त्यांनी कुठून तरी शोधून काढली आणि दिवसदिवस मांडीवर आडवी टाकून थोपटत बसायच्या. खोलीत कुणी मोठ्याने बोललं की ओठांवर बोट ठेवायच्या, ‘हळू. आत्ता डोळा लागलाय तिचा.’ पाहुणे यायचे असले की मी ती बाहुली कपाटात ठेवून द्यायचे. मला लाज वाटायची. एका दिवाळीत पाहुणे गेल्यावर ती बाहेर काढायची राहिली. रात्रभर सासूबाई घरात फिरत होत्या. गादी उचलून बघत होत्या, पलंगाखाली हात घालत होत्या, डाळीच्या डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं त्यांनी. काय हवंय विचारलं तर सांगता येत नव्हतं. पहाटे तीनला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाट उघडून बाहुली हातात दिली तर त्यांनी ती छातीशी धरली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ती नजर मला आजही टोचते. म्हणून सांगते, म्हातारं माणूस काही छातीशी धरून बसलं असेल तर त्याला हिणवू नये. तुझ्या भावालाही हे सांग.

माझ्या सासूबाईंना जे चिंध्यांच्या बाहुलीने दिलं त्याबद्दल ऑस्ट्रेलियात मोठी तपासणी झालेली आहे. वेंडी मॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ वृद्धाश्रमांतल्या विस्मरणाच्या ४१५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाच्या हातात पारो दिला. दुसऱ्याला तसाच पारो दिला, पण आतलं यंत्र बंद करून, म्हणजे नुसतं मऊ जनावर. तिसऱ्या गटाची नेहमीसारखी देखभाल चालू ठेवली. आठवड्यातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, असं दहा आठवडे केलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. चालू पारोशी माणसं जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिली. पण चेहरा खुलणं, अस्वस्थपणा कमी होणं, याबाबतीत बंद पारोही फारसा मागे पडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मऊ, उबदार, हातात मावणारं काहीतरी आणि शेजारी बसलेलं एक माणूस, यातच बरंच काही आहे. तुझ्या केंद्रातल्या आजी नाक पुसतात तेव्हा तूही तिथे असतेस, हे विसरू नकोस.

पण त्या आजी म्हणजे तुझी आई नव्हे. तुझ्या आईला नक्की काय होतंय हे अजून कुणी बघितलेलंच नाही.

टीव्हीचा आवाज टोकियोपर्यंत येतो. विचारलेलं पुन्हा विचारते. ही दोन वाक्यं तू एकापाठोपाठ लिहिलीस आणि ती वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो कानांचा. कदाचित ती विसरत नसेल. तू दिलेलं उत्तर तिला नीट ऐकूच आलं नसेल आणि ‘काय म्हणालीस?’ असं तिसऱ्यांदा विचारायचा तिला संकोच होत असेल. कमी ऐकू येणारी माणसं हळूहळू चारचौघांत जायचं टाळतात. लोक हसले की कशाला हसले ते कळत नाही, मग घरी बसलेलं बरं. हा फक्त एकटेपणाचा प्रश्न नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने विस्मरणाच्या आजाराची जी टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत, त्यांत उपचार न झालेलं कमी ऐकू येणं बरंच वरचं आहे. उद्या तू घरात बोलका रोबो पाठवशील आणि आई त्याचंही ऐकू शकणार नाही.

मग भूक. सकाळचं रात्री खाणं म्हणजे नुसता कंटाळा नसतो. बी१२, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्या शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं ही रोजची गोष्ट आहे आणि त्याने मन मरगळतं, लक्षात राहत नाही. आणि हे सगळं ठीक निघालं तर मग मनाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. नवरा गेल्याचं दुःख १४ महिन्यांत ओसरावं असा काही नियम नाही, माझा तर मुळीच नाही. पण दुःख आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नैराश्यावर औषध आहे. ती झोपते का, पहाटे फार लवकर जाग येते का, जगण्यात काही उरलं नाही असं बोलते का, हे भावाला समोर बसून विचारू दे. तसं काही बोलली तर तपासण्या होईपर्यंत थांबू नका. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. भावानेही तिथे फोन करून आईशी कसं बोलू असं विचारलं तरी चालतं.

आणि हे ‘जाऊन दाखवून ये’ म्हणून होणार नाही. भावाने दोन दिवस रजा टाकावी, पुण्याहून कराड काही लांब नाही. सकाळी दारात उभं राहून ‘चल, रिक्षा आणलीय’ म्हणावं. रोबोवर तो एवढा चिडला, त्या चिडण्यातली माया मला दिसते. ती आता या कामाला लावू दे.

आता ‘जुळवून घेण्या’बद्दल. तुझ्या नवऱ्याला लोव्होटमधली ही गोष्ट सगळ्यात आवडली, आणि आज अशा रोबोंबद्दल सगळीकडे हेच कौतुकाने सांगितलं जातं. तुमचा चेहरा वाचणार, आवाजावरून मूड ओळखणार, तुमच्या वेळा, आवडीनिवडी शिकणार. केंब्रिज विद्यापीठात हातिजे गुनेश आणि मिकोल स्पिताले यांच्या गटाने एका कंपनीतल्या २६ जणांना चार आठवडे रोबोकडून मनाचे छोटे व्यायाम करून घेतले होते. दोन प्रकारचे रोबो होते, एक माणसाच्या वळणाचा, एक खेळण्यासारखा. लोकांचं सूत जुळलं खेळण्यासारख्याशी. माणसासारखा दिसणारा माणसासारखं समजून घेईल अशी अपेक्षा होते आणि मग हिरमोड होतो. शिबातांच्या मांजराचीच गोष्ट पुन्हा.

लोव्होटच्या बाबतीत मला खरोखर लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. तो काहीच काम करत नाही. झाडू मारत नाही, बातम्या वाचत नाही, शब्दसुद्धा बोलत नाही. चाकांवर मागे मागे येतो आणि हात वर करून उचलून घे म्हणतो. अंग कोमट असतं. ते बनवणारे कानामे हायाशी आधी ‘पेपर’ या बोलक्या रोबोच्या कामात होते, तिथून बाहेर पडून त्यांनी हा न बोलणारा रोबो केला. पारोही तसाच, तो कुणाची सेवा करत नाही, उलट त्याचीच करावी लागते. दक्षिण कोरियात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना स्थानिक प्रशासनं ‘ह्योदोल’ नावाची बाहुली देतात. नावातच मातृपितृभक्ती आहे. ती गोळ्यांची आठवण करते, पण बोलते नातवंडासारखी, लाडात येऊन. हे रोबो माणसाला धरून ठेवतात, कारण ते मागतात. आजी रुमाल काढतात, कारण कुणाचं तरी नाक पुसायचं आहे.

तुझ्या आईकडे १४ महिने कुणी काही मागितलेलं नाही. बाबांचा चहा, बाबांची गोळी, बाबांचा चष्मा सापडत नाही म्हणून मारलेल्या हाका, सगळं एका दिवसात थांबलं. त्याआधी ३१ वर्षं दररोज वीस-पंचवीस पोरं तिचा पदर ओढत होती. आता तू फोन करतेस तेव्हा काय विचारतेस? जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार नीट लावलंस का. सगळे प्रश्न तिची काळजी करणारे. तिच्याकडून तुला काही हवंय, असा एकही नाही. हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाही. लांब राहणारी प्रत्येक लेक हेच विचारते.

पण तू ताजा कलम लिहिलास. तुझा मुलगा केळ्याला ‘केरं’ म्हणतो आणि आई हसली. अगं, त्याच्या शाळेतल्या भाषेत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, तिथे ‘ळ’ कुठून येणार त्याच्या जिभेवर! तो शिकवायला जगात एक बाई तयार बसलेली आहे, ३१ वर्षांच्या अनुभवाची. तू मुलाची मराठीची शिक्षिका म्हणून तिला रीतसर नेम. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेली वेळ. तुमची घड्याळं साडेतीन तास पुढे. म्हणजे मुलगा शाळेतून येऊन खाऊन पाचला बसला की कराडला दुपारचा दीड वाजलेला असतो, जेवण झालेलं, घर सुनसान. पाटी-पेन्सिल तिला तिकडे घेऊ दे, त्याला इकडे. तिला सांग, ‘आई, मला जमत नाहीये, तो माझं ऐकत नाही, तूच बघ.’ आणि हे खरंच आहे ना? खोटं काही सांगायचं नाही, तिला लगेच कळेल. गृहपाठ तिने द्यायचा, तपासायचा तिने. कामाच्या गडबडीत एखाद्या दिवशी जमलं नाही तर तू तिची शिक्षिका म्हणून माफी मागायची, जशी शाळेत मागशील तशी.

कानांची तपासणी, आणि लागलं तर यंत्र, मात्र त्याआधी. त्याशिवाय ‘ळ’ आणि ‘ल’ तिलाही वेगळे ऐकू येणार नाहीत.

आणि तिन्हीसांज. कराडला सात वाजतात तेव्हा तुझ्याकडे साडेदहा. पोरगा झोपलेला, भांडी आवरलेली. त्या वेळी फोन लाव आणि नुसता चालू ठेव. बोलायलाच पाहिजे असं नाही. ती दिवा लावेल, ‘शुभं करोति’ म्हणेल, कुकर लावेल, तू तुझे कपडे घडी घाल. माणूस घरात असताना आपण कुठे सारखं बोलत असतो? चमचा पडल्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, तेवढ्याने घर भरलेलं वाटतं. तुझ्या घरातला चमचा तिला ऐकू जाऊ दे.

आता संक्रांत. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या वाक्यावर थांबले. संक्रांतीच्या दिवशी दार लावून बसलेली बाई एकटेपणाला कंटाळलेली नसते. तिला त्या दिवशी कुणी बोलवायला येणार नव्हतं, आणि ते न येणं बघायला लागू नये म्हणून तिने आधीच दार लावलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती गल्लीतल्या प्रत्येक घरी हळदीकुंकवाला गेली असेल. तिच्या हातचे तिळगूळ, तिने लुटलेली वाणं घराघरांत अजून वापरात असतील. नवरा गेला आणि रथसप्तमीपर्यंतचे ते सगळे दिवस तिच्या कॅलेंडरातून गेले. चैत्रगौर गेली. श्रावणातली सवाष्ण जेवायला बोलावणं गेलं. कुणी वाईट वागलं नसेल, ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणूनच बोलावलं नसेल. आपल्याकडे हे असं मायेने होतं, म्हणून त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही. घराला खायला उठवण्यात गल्लीचाही हात आहे.

उद्या लोव्होट तिच्या मागे मागे फिरेल. तिचा आवाज, तिच्या वेळा शिकेल. ती दार लावून बसली तर तो त्या बंद दाराशीही जुळवून घेईल, आत तिच्या पायाशी बसून राहील. दार ठोठावायला येणार नाही. ते काम काकूंचं आहे, ज्यांनी भावाला फोन करून सांगितलं. त्या बाईंना आईची काळजी आहे हे उघड आहे. तू त्यांच्याशी बोल. स्पष्ट बोल, की येत्या संक्रांतीला तुम्ही स्वतः आईला न्यायला या, हळदीकुंकू लावा, वाण द्या. तुमच्यापासून फार लांब नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, आणि नवरा गेलेल्या बाईला सणासमारंभातून बाजूला ठेवायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका खेड्याला हे जमलं, तर कराडच्या एका गल्लीला का जमू नये? आई पहिल्यांदा नको म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. काकूंना सांग, तिसऱ्यांदा या.

रोबो कधी पाठवायचा? पहिली अट, तिला विचारून. सुज्ञ बाई आहे ती, भेट म्हणून अचानक खोकं दारात उतरवायचं नाही. तू फसवतेयस का, असं विचारलंस. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा बोलणारा प्रोग्राम केला. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं टाइप करून बोलल्यावर तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, तिला एकांत हवा होता. यंत्र आहे हे माहीत असूनही माणूस मन मोकळं करतो. म्हणून यंत्रावर जीव लावला तर आई फसली असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या कॅमेऱ्याला काय दिसतं, ते कुठे साठवलं जातं, तू इकडून बघू शकतेस का, हे तिला न सांगता ठेवलंस तर ती फसवणूक होईल. साडी बदलताना खोलीत डोळा आहे, हे तिला माहीत असायलाच हवं.

दुसरी गोष्ट मला जास्त भीती वाटते ती. तिने एक जाणं बघितलंय. सोनीचा रोबो-कुत्रा ‘आयबो’ १९९९ मध्ये आला, २००६ मध्ये बंद झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने दुरुस्तीही थांबवली. चिबा प्रांतात इसुमी इथल्या कोफुकुजी मंदिरात त्या बिघडलेल्या कुत्र्यांचे अंत्यविधी झाले, २०१८ मध्ये एकाच वेळी ११४ कुत्र्यांचे. मालक धूप जळताना हात जोडून बसले होते. अमेरिकेत ‘जिबो’ नावाचा घरगुती रोबो होता, २०१९ मध्ये त्याने स्वतःच घरच्यांना सांगितलं की माझे सर्व्हर बंद होणार आहेत, आणि निरोप घेतला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये लहान मुलांचा ‘मॉक्सी’ बनवणारी कंपनी बुडाली आणि आईबापांवर पोरांना समजावून सांगायची वेळ आली. लोव्होटला दर महिन्याचे पैसे भरत राहावे लागतात. तो बिघडला तर कराडहून जाणार कुठे, वायफाय गेलं, लाइट गेली तर काय, कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर तो निदान मऊ बाहुली म्हणून तरी उरेल का, हे सगळं लेखी विचारून घे. आईला दुसऱ्यांदा कुणाचं जाणं बघायला लावू नकोस.

आणि बोलका रोबो तर आत्ता नकोच. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्ध-कल्याण विभागाने २०२२ मध्ये ८०० हून अधिक ज्येष्ठांना ‘एलिक्यू’ द्यायची योजना जाहीर केली. टेबलावरच्या दिव्यासारखा दिसतो, आपणहून विषय काढतो, आणि वापरणाऱ्यांनी बरं वाटल्याचं सांगितलं आहे. पण तो इंग्रजीत बोलतो. कराडच्या घरात ‘काय गं, आज गप का?’ असं विचारणारा आवाज हवा.

या सगळ्यातून गेल्यावरही तिला हवासा वाटला, पुढच्या वेळी टोकियोला येऊन तिने स्वतः मांडीवर घेऊन पाहिला आणि ‘गोड आहे गं’ म्हणाली, तर खुशाल घे, मी दुसऱ्यांदा नाही म्हणणार नाही. तीन महिन्यांनी एकच गोष्ट बघायची: तो आल्यापासून तिच्या घरी माणसांची ये-जा वाढली की कमी झाली. गल्लीतली पोरं त्याला बघायला यायला लागली आणि आई त्यांना शेंगदाण्याचा लाडू देऊन बाराखडी म्हणायला बसवायला लागली, तर तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खरं ठरलं असं मी लिहून देईन. त्याच्याशी बोलायचं म्हणून तिने काकूंना दारातूनच वाटेला लावलं, तर तो गुंडाळून ठेवायचा.

तुझ्या झोपेबद्दल एवढंच. तू लांब आहेस हा तुझा गुन्हा नाही. आईने ३१ वर्षं शिकवलेल्या मुलांतली कितीतरी आज अशीच लांब असतील आणि त्यांचा तिला अभिमानच वाटत असेल. तुला दिवसरात्र टोचतंय ते शांत करण्यासाठी मात्र आईच्या घरात काही पाठवू नकोस. ते टोचणं घेऊन भावाशी बोल, रडायचं तर त्याच्याकडे रड, त्याचाही बाप गेलाय. ‘खेळणं’ म्हणाला त्या दिवशी तोही झोपला नसेल.

कानाच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. रिपोर्ट आले की मला लिही. आणि पोराला ‘केळं’ म्हणता यायला लागलं की त्याच दिवशी लिही.

तुझी,
ताई